मधली पाठ

कंबर धरली की माणूस गल्लीभर सांगत सुटतो. मान आखडली की पट्टा बांधून ऑफिसला जातो. या दोघींच्या मधल्या पाठीची चौकशी मात्र कुणी करत नाही. ती फारशी दुखतच नाही. वळायचं तेवढं सोडून देते आणि तिचं काम मुकाट मानेच्या, कमरेच्या गळ्यात पडतं.

मधली पाठ म्हणजे 12 मणके. प्रत्येकाला दोन्हीकडून बरगड्या, म्हणून मुळातच बेतानं हलणारी. तरी धड उजवीडावीकडे वळतं ते बरंचसं तिच्याच जिवावर. कमरेचे 5 मणके वाकायला तयार असतात, वळायला नाही.

सोलापुरात पाठ वाकवणारे धंदे काही कमी नाहीत. पूर्व भागातल्या कुठल्याही बोळातून दुपारी जा, उंबऱ्याशी बाया विड्या वळत बसलेल्या दिसतील. मांडीवर सूप, त्यात भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं, कात्री, तंबाखू, दोरा. मजुरी हजारावर, तेव्हा हजार भरेपर्यंत मान वर करायला सवड कुणाला? आईनं आमचा संसार त्यावरच ओढला. मी शिकलो, लॅपटॉपपुढं बसलो, आणि पाठीचा बाक तोच राहिला. फक्त मांडीवरचं सूप गेलं.

त्यावर उपाय म्हणून हा नवशिक्यांसाठीचा, मधली पाठ ताणायचा व्यायाम. शहाबादी फरशीवर गुडघे टेकवत नाहीत, म्हणून खाली चादर चौपदरी घालायची. सोलापुरात राहून त्यासाठी मॅट विकत आणणं मला तरी पटत नाही. रांगायच्या पवित्र्यात यायचं. एक हात घट्ट रोवलेला. दुसरा, तळवा वर करून, त्याच्या खालून पलीकडं सारायचा, मागातल्या धोट्यासारखा. खांदा आणि कानशील चादरीला टेकलं की थांबायचं. दोन-तीन श्वास. श्वास सोडताना पाठ अजून जराशी वळते, तिथं घाई करू नये. मग तोच हात बाहेर काढून छताकडं उघडायचा, नजर त्याच्या मागोमाग. एका बाजूला पाच-सहा वेळा, मग दुसऱ्या. कंबर डुलायला लागली तर बूड टाचांकडं न्यायचं, ती आपोआप गप्प बसते. ओढ बसावी, कळ येऊ नये. हाताला मुंग्या आल्या तर सोडून द्यावं आणि डॉक्टरांना दाखवावं.

"सिद्धेश्वरापुढं एवढं लोळला असतास तर पुण्य तरी लागलं असतं की रे," आई म्हणाली. तिचे गुडघे टेकत नाहीत. तिला खुर्चीत बसवलं, गुडघ्यांत उशी दिली, हात छातीवर आडवे ठेवायला सांगितले आणि हळूहळू वळायला लावलं. उजवीकडं ती माझ्यापेक्षा जास्त वळली. डावीकडं अडली, तर दोष खुर्चीला दिला.

फरक मला कळला तो सात रस्ता चौकात. गाडी वळवताना आता छातीसकट मागं वळून बघता येतं. रिक्षा मात्र मी बघतो त्याच्या उलट बाजूनंच येते.