जपानी, महिना सातवा: 'खाऊन बघ' सापडलं!

गेल्या नोंदीत काताकाना या जपानी लिपीच्या नावाने रडलो होतो. 'शि' आणि 'त्सु' अजूनही अधूनमधून अदलाबदल करतात, पण वाचताना अडत नाही. ते प्रकरण मिटलं.

या महिन्यात ते-रूप, म्हणजे क्रियापदाचं 'ते' किंवा 'दे'ने संपणारं रूप. आमची लाइव्ह बॅच अकरावी-बारावीच्या मुलांची, शनिवार-रविवार संध्याकाळी सहाला. सेन्सेइ (आमच्या शिक्षिका) जपानात, म्हणजे त्यांच्याकडे साडेनऊ वाजलेले. शिकवतात इंग्रजीतून. 'ताबेते मिरु' म्हणजे 'ट्राय इटिंग' असं सांगितलं, मी निमूट उतरवून घेतलं आणि विसरलो. रात्री वही चाळताना ट्यूब पेटली: ताबेते म्हणजे खाऊन, मिरु म्हणजे बघणं. खाऊन बघणं! अगदी शब्दाला शब्द. मग वेडच लागलं. मोत्ते कुरु, घेऊन येणं. ताबेते शिमाउ, खाऊन टाकणं. वासुरेते शिमात्ता, विसरून गेलो. आपल्याकडे हे आयतं असताना इंग्रजीचा वळसा कशाला? वहीतला इंग्रजीचा रकाना बंद केलाय.

रूपं बनवायला मात्र घोकंपट्टीच. योमुचं (वाचणं) योन्दे, काकुचं (लिहिणं) काइते, आणि इकुचं (जाणं) त्याच न्यायाने 'इइते' व्हायला हवं तर होतं इत्ते. का, ते विचारू नका.

वस्तू मोजायच्या तासाला घरातलं काहीतरी दाखवायचं होतं. नाशिककर दुसरं काय दाखवणार, द्राक्षांचा घड धरला. घडाला 'फुसा', एक घड म्हणजे हितोफुसा. आजी स्वयंपाकघरातून ओरडली, "अरे, मेथीच्या जुडीला काय म्हणतात ते विचार!" विचारलं. हितोताबा. आता रोज भाजी आली की आजीच मला विचारते. एक, दोन, तीन पेन्सिलींचं इप्पोन, निहोन, साम्बोन मात्र तिला पटलेलं नाही. एकाच शब्दाची तीन तोंडं कशाला, म्हणते.

खरी बोंब कानाची. वडील 'बिरु'त, म्हणजे इमारतीत काम करतात असं सांगायचं होतं. मी 'बि' लांबवला आणि ते बीअरमध्ये कामाला लागले. सेन्सेइ हसून हसून थकल्या. मराठीत ह्रस्व-दीर्घ चुकलं तर मार्क जातात, ऐकणारा समजून घेतो. इथे अर्थच जातो. किते म्हणजे ये, किइते म्हणजे ऐक, कित्ते म्हणजे टपालाचं तिकीट. भरधाव बोलण्यात हे तीन वेगळे काढून दाखवा!

जुलैत एन-फाइव्ह, म्हणजे जपानीची सगळ्यात खालच्या पातळीची परीक्षा द्यायची, पुण्याला जाऊन. १८० पैकी ८० ला पास, पण ऐकण्याच्या ६० पैकी १९ वेगळे हवेतच, आणि प्रत्येक प्रश्न एकदाच ऐकवतात. घरच्या सराव पेपरात ऐकण्यात २२ पडले. काठावर. हळू बोलणारं ऐकण्याजोगं काही कुणाकडे असेल तर कळवा.

फॉर्मच्या तारखेची चिठ्ठी फ्रिजवर लावलीये. काइते ओकु: लिहून ठेवणं. हेही आपलंच निघालं.