साठ केक पॉप आणि ९०४

सांगलीत घरून केक विकायचे म्हटलं की जैन ऑर्डर आलीच. शेतीवाडी सांभाळणारी, पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलणारी जैन घरं आमच्याकडे भरपूर. त्यामुळे बिनअंड्याचा स्पंज हाच इथल्या होम बेकरचा पहिला धडा. अंड्याचा नंतर कधीतरी, आणि कित्येकजणींना तो जमतही नाही. म्हणून विश्रामबागच्या एका ताईंनी मुलाच्या पाचव्या वाढदिवसासाठी साठ केक पॉप सांगितले आणि 'अंडं नको, जिलेटिन नको, मध नको' असं लिहिलं, तेव्हा मी डोळे झाकून हो म्हटलं. सोबत त्यांनी नेटवरचा फोटो पाठवला होता. रंगीत स्प्रिंकल्स, चांदीचे मणी, वर चमकी, म्हणजे जत्रेतलं दुकानच. फोटोवरून खाणं ठरवणाऱ्या गिऱ्हाइकांबद्दल मला बरंच बोलता येईल, पण तो विषय वेगळा.

ज्यांनी केक पॉप पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. केकचा चुरा करायचा, थोडं गनाश (चॉकलेट आणि क्रीमचं घट्ट मिश्रण) घालून लाडवासारखा वळायचा, काडीवर बसवायचा आणि चॉकलेटमध्ये बुडवायचा. 'उरलेल्या केकचं करता ना?' हा प्रश्न मला दर ऑर्डरला येतो. करतात, आणि त्यात वाईट काही नाही; थरांचा केक सपाट करताना वरची टोपी कापावीच लागते, ती टाकायची कशाला? पण मी पॉपसाठी स्पंज वेगळा भाजते, आणि जैन घरासाठी तर आदल्या दिवशीचाच.

ऑर्डरच्या आधी दोन-तीन नमुने घेऊन त्यांच्या घरी गेले. ताईंनी, म्हणजे त्या घरच्या सूनबाईंनी, लगेच फोटो काढले. सोफ्यावर त्यांच्या सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी एक काडी हातात घेतली, खिडकीच्या उजेडात फिरवली आणि विचारलं, "हे वर चकाकतंय ते कशानं गं?"

"स्प्रिंकल्स आहेत आजी. साखरच असते."

"साखर एवढी चकाकत नाही. आमच्याकडं संक्रांतीला हलवा होतो. तो पांढरा राहतो, असा आरसा होत नाही."

इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. घरी येऊन बरण्या काढल्या तर निम्म्यांचं मूळ पाकीटच माझ्याकडे नाही, कारण ते कधी नव्हतंच. आपल्याकडे बेकरीच्या सामानाची दुकानं पाच किलोची पोती फोडून स्प्रिंकल्स झिपच्या पिशवीत भरतात, वर भाव चिकटवतात आणि देतात. घटक विचारले की दुकानदार म्हणतो, "मॅडम, व्हेज आहे, बिनधास्त घ्या." एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याची, नोंदणी मी घ्यायची, चौदा आकडी नंबर डब्यावर मी छापायचा, आणि पिशवीत काय आहे ते दुकानदाराच्या तोंडी शब्दावर.

गणपती पेठेत हिंडून शेवटी बंद पाकिटं मिळवली. हिरवा ठिपका होता. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत साखर, स्टार्च, तेल, रंग, आणि शेवटी: ग्लेझिंग एजंट (९०४).

९०४ म्हणजे शेलॅक. पळस, बोर, कुसुम या झाडांवर लाखेचे किडे बसतात आणि स्वतःभोवती राळेचं कवच करतात. फांद्यांवरून ती लाख खरवडतात, दळतात, धुतात, गाळतात. बांगड्यांची, मोहरेची लाख तीच, फक्त खाण्याची जास्त शुद्ध केलेली असते. स्प्रिंकल्सना आणि चांदीच्या मण्यांना तिचाच पातळ हात देतात, म्हणजे चकाकी येते आणि दमट हवेत रंग सुटत नाही. मेहुणीने दुबईहून आणलेल्या लाल साखरेच्या पाकिटावर तर १२० होता. तो कार्माइन, किडे वाळवून काढलेला लाल रंग. ते पाकीट तिथल्या तिथे बाजूला गेलं. पण ९०४ चं काय करायचं? आपल्या २०२० च्या लेबलिंगच्या नियमांत मांसाहाराच्या व्याख्येत कीटक आहेत, पण दूध, मध आणि मेणाबरोबर शेलॅक त्यातून वगळलेलं आहे. म्हणजे ठिपका हिरवाच, आणि कायद्याने माझ्यावर कसलंच बंधन नाही.

सूनबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "ताई, हिरवा ठिपका आहे ना? मग झालं. आईंना कशाला सांगत बसता? पोरांना स्प्रिंकल्स हवेत."

पैसे देणाऱ्या त्या. पण विचारलं होतं आजींनी, आणि निघताना 'वाचून मला सांग' असंही म्हणाल्या होत्या. त्यांना सांगितलं. ठिपक्याचंही सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मधालाही हिरवाच ठिपका असतो की. आम्ही खातो का?" मग थोड्या वेळाने, "लाख काढताना ते किडे जगतात का?" मी म्हटलं, बहुतेक मरतात. "मग नको," म्हणाल्या. विषय संपला.

त्यांचा संपला, माझा सुरू झाला. कारण स्प्रिंकल्स म्हणजे केक पॉपची झाकपाक. कोटिंगला बुडबुडा आला, लाव स्प्रिंकल्स. काडीशी थेंब जमला, लाव स्प्रिंकल्स. ते काढून घेतले की पॉप उघडा पडतो आणि करणारीचा हातही.

बिनअंड्याचा स्पंज दह्यामुळे आणि मिल्कमेडमुळे मुळात ओलसर असतो, म्हणून त्याला गनाश कमी लागतं. मुठीत दाबून गोळा टिकला की थांबायचं; आणखी एक चमचा घातला तर बुडवताना गोळा काडीवरून सुटून ग्लासाच्या तळाला जातो. पंचवीस ग्रॅमचा एकेक गोळा वजन करून वळायचा. काडीचं टोक आधी वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवून अर्ध्यापर्यंत खुपसायचं, म्हणजे ते चॉकलेट गोंदाचं काम करतं. मग फ्रिज, फ्रीझर नाही. इथेच बहुतेकींचा घोळ होतो. अतिगार गोळ्यावर कोटिंग झटकन आवळतं, नंतर आतला गोळा खोलीच्या उबेला येताना फुगतो आणि वरचं कवच उभं तडकतं. बाहेर काढून पाच-दहा मिनिटं थांबायचं, बोटाला गार लागला पाहिजे पण झोंबता कामा नये. कंपाउंड, म्हणजे कोटिंगचं तयार चॉकलेट, वितळवून उंच, अरुंद ग्लासात घ्यायचं, सरळ एकदाच बुडवायचं, सरळ वर, आणि डाव्या मनगटावर काडी हलकेच आपटत फिरवत राहायचं. घाई केली की खाली थेंब गोठतो.

रंगाचा वेगळाच ताप. पाण्यातला रंग चॉकलेटमध्ये गेला की त्याचा गोळा होतो, म्हणून तेलातलेच रंग, आणि त्यांच्याही बाटल्या भिंगाखाली. नैसर्गिक गुलाबीसाठी माझ्याकडे बीटची पावडर होती. ती हातात घेतली आणि ठेवून दिली, बीट कंदमूळ. कंपाउंडवर ३२२ आणि ४७६ दिसले. पहिलं पाकिटावर लिहिल्याप्रमाणे सोयाचं लेसिथिन, दुसरं एरंडेलापासून करतात. दोन्ही चालले.

शेवटी पांढऱ्या आणि पिवळ्या कोटिंगवर कागदी कोनाने डार्क चॉकलेटच्या केसासारख्या रेघा ओढल्या, काहींवर पिस्त्याचे काप, काहींवर वाळलेल्या गुलाबपाकळ्या, काही डेसिकेटेड खोबऱ्यात घोळवलेले. मला विचाराल तर मी केलेले सगळ्यात देखणे पॉप तेच. एकालाही तडा नव्हता.

पार्टी सातची, पण आजींनी मला पाचलाच बोलावलं होतं. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि त्यानंतर त्या पाणीसुद्धा घेत नाहीत. सूनबाईंनी डबा उघडून पाहिला, म्हणाल्या, "छान आहेत, पण फोटोत फिके दिसतील." नातवाने खोबऱ्याचा उचलला. आजींनी पिस्त्याचा घेतला, सावकाश खाल्ला, काडी पुसून टेबलावर ठेवली. "आता निर्धास्त खाल्लं," म्हणाल्या.

मग घड्याळ बघून त्यांनी औषधाची डबी ओढली. संध्याकाळचं औषधही सूर्य मावळायच्या आतच. दोन साध्या गोळ्या आणि एक कॅप्सूल, अर्धी लाल अर्धी पिवळी, झगझगीत.

मी जिलेटिनच्या मागे इतकी वाचत गेले होते की कॅप्सूलचं कवच बहुतेक वेळा कशाचं असतं ते मला माहीत होतं. जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यातून काढलेलं. वनस्पतीजन्य कवचाच्याही कॅप्सूल मिळतात, आणि औषधाच्या पाकिटावर ठिपका सक्तीचा नाही. त्यांची कुठली होती, बघून कळण्यासारखं नव्हतं. साखरेवरच्या चकाकीचा मी त्यांना किड्यापर्यंत हिशोब दिला होता आणि समोर त्या घोटभर पाण्याबरोबर ती कॅप्सूल गिळत होत्या. मी रिकाम्या पिशव्या घेतल्या आणि निघाले. डॉक्टरांचं औषध, वय झालेलं माणूस, मी केकवाली. आजींनी विचारलं असतं तर सांगितलं असतं का? नवऱ्याला हे विचारलं तर तो म्हणतो, "तू घरी केक कर, धर्म त्यांच्याकडे राहू दे." त्याचं बरोबर असेल. तरी डोकं तिथेच अडकलंय.

परवा त्याच ताईंचा मेसेज आला. पुतणीचं बारसं आहे, पन्नास केक पॉप हवेत. चाळीस स्प्रिंकल्स आणि चांदीच्या मण्यांचे, दहा साधे, 'आईंच्या बाजूच्या लोकांसाठी'. डबे वेगळे, पण दिसायला सारखे असू द्यात, आणि या वेळी आईंशी बोलायची गरज नाही.

मी विचारलं, चाळीसमध्ये ९०४ आहे असं डब्यावर लिहिलं तर चालेल ना? उत्तर अजून नाही. अ‍ॅडव्हान्स मात्र लगेच आला.