वाई ते पोलादपूर सायकलवर : पसरणी चढा, आंबेनळी जपून उतरा

पुण्याहून गोव्याला निघालेल्या आमच्या गटातले सगळे वाईच्या मुक्कामात एकाच गोष्टीबद्दल बोलत होते, ती म्हणजे पसरणीचा चढ. दिवसाचं अंतर जेमतेम 70 किलोमीटर. पण माझ्या मते या दिवसाची खरी परीक्षा चढात नाही, दुपारनंतरच्या उतारात आहे. तयारीही त्याच हिशेबाने करा.

उजाडायच्या आत वाई सोडली. पसरणी गाव, म्हणजे शाहीर साबळ्यांचं गाव, मागे पडलं की घाट सुरू होतो. वाई ते पाचगणी साधारण 12 किलोमीटर. चढ सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास, पण कुठेही जीव काढत नाही. पहिल्या वळणापासूनच हलका गिअर टाका, बसूनच पेडल मारा आणि पुढच्याशी स्पर्धा करू नका. बोलता येईल इतकाच दम लागू द्या. अर्ध्यावर डाव्या-उजव्या वळणांतून खाली धोम धरणाचं पाणी दिसायला लागतं, तिथे थांबलात तरी चालेल. शनिवार-रविवार मात्र टाळा. आठ वाजले की पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते आणि धूर खात चढावं लागतं.

पाचगणीत मिसळ खाल्ली आणि पुढचे 19 किलोमीटर गप्पा मारत, चढ-उतार करत महाबळेश्वर गाठलं. वाटेत भिलारचा, पुस्तकांच्या गावाचा, फाटा लागतो. वेळ असेल तर जरूर वळा, आम्हाला नव्हता.

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूर सुमारे 40 किलोमीटर, आणि तेवढ्यात 1300 मीटरच्या आसपास खाली यायचं. वरच्या टप्प्यात दाट झाडी, ओलसर सावली, वळणावर सुटी खडी आणि कठड्यावर माकडं. आम्ही निघण्याआधी प्रत्येकाचे ब्रेक पॅड तपासले, हँडलवर लोंबणाऱ्या खाऊच्या पिशव्या आत टाकल्या. एक अनुभवी गडी सर्वांत पुढे, एक सर्वांत मागे, दोन सायकलींत किमान पाच-सहा सायकलींचं अंतर. पुढच्याला कोणी ओलांडायचं नाही, हा नियम ठरला आणि सगळ्यांनी पाळला.

ब्रेक सतत धरून ठेवू नका. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक नीट दाबून वेग कमी करा आणि वळणात सोडा. पहिल्या थांब्यावर एका काकांनी बाटलीतलं पाणी ब्रेकच्या डिस्कवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तबकडीवर शिंपडलं, तर चर्रकन वाफ झाली. रिम ब्रेकवाल्यांना, म्हणजे ज्यांचे पॅड थेट चाकाच्या कडेवर (रिमवर) दाबतात त्यांना, धोका जास्त. तापलेल्या रिममुळे ट्यूब फुटू शकते, म्हणून दर चार-पाच किलोमीटरला थांबून चाकं गार होऊ द्या. बोटंही आखडतात, त्यांनाही तेवढा आराम मिळतो.

वाडा कुंभरोशीला प्रतापगडाचा फाटा आहे. चहा, लिंबू सरबत, पिठलं-भाकरी मिळते. बाटल्या इथेच भरा. गडावर जायचं असेल तर सायकली खाली ठेवून गाडीने जा. 1659 साली अफझलखानाची भेट झाली ती जागा अशा घाईत उरकण्यासारखी नाही, तिच्यासाठी वेगळा दिवस काढा.

कुंभरोशीच्या खाली हवा बदलते. वर जॅकेट लागत होतं, इथे अंगाला घाम चिकटतो. जॅकेट काढा, मीठ-साखरेचं पाणी घ्या, नाहीतर पोलादपूरला पोचेपर्यंत पोटऱ्यांत गोळे येतात.

पावसाळ्यात या घाटात दरडी कोसळतात, जुलै 2021 मध्ये तर रस्ताच खचून वाहून गेला होता. म्हणून नोव्हेंबर ते जानेवारी हाच काळ धरा, आणि निघण्याआधी वाईत किंवा महाबळेश्वरला एसटीच्या चालकांना रस्त्याबद्दल विचारा. त्यांच्याइतकी ताजी माहिती कोणाकडे नसते.

मुक्काम पोलादपूरलाच करा. पुढे खेडच्या वाटेवर लगेच कशेडी घाट आहे, तो दमलेल्या हातांनी करू नये. रात्री पॅड पुन्हा बघा. सुटे पॅड पुण्याहूनच घेऊन निघा, वाटेत मिळतील या भरवशावर राहू नका.