एका टोकाला वेदी, दुसऱ्या टोकाला सिंहासन : पालेर्मोचे राजचॅपेल

सिसिली बेटावरील पालेर्मो शहरात नॉर्मन (मूळ उत्तर फ्रान्समधून आलेल्या) राजांचा जो वाडा आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर ‘कापेला पालातीना’ हे राजघराण्याचे चॅपेल, म्हणजे खासगी प्रार्थनागृह, आहे. त्याविषयी लिहिणारे बहुतेक जण ‘तीन संस्कृतींचा संगम’ एवढे म्हणून थांबतात. ते खोटे नाही. परंतु या वास्तूत राजाने स्वतःसाठी कोठे आणि कशी जागा करून घेतली, हा प्रश्न मला त्याहून अधिक महत्त्वाचा वाटतो.

पालेर्मो नॉर्मनांच्या हाती आले ते 1072 साली, आणि त्यापूर्वी दोन शतकांहून अधिक काळ तेथे मुस्लिम सत्ता होती. 1130 च्या नाताळात दुसरा रॉजर या नॉर्मन शासकाला सिसिलीचा राजा म्हणून राज्याभिषेक झाला, तेव्हा त्याचे राजेपद अगदी नवे होते आणि प्रजा लॅटिन, ग्रीक व अरबी अशा तीन भाषांत व्यवहार करणारी होती. 1142 साली त्याने वाड्यात बसवलेल्या जलघड्याळाचा शिलालेख या तिन्ही भाषांत कोरलेला असून तो चॅपेलबाहेरच्या भिंतीत आजही पाहायला मिळतो. चॅपेलची सनद 1140 सालची आहे, तर घुमटाच्या तळाशी असलेल्या ग्रीक लेखात 1143 हे वर्ष येते. संत पीटरच्या नावाने उभारलेली ही वास्तू आकाराने लहानच आहे.

तिचा पूर्वेकडील भाग बायझंटाइन, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या ग्रीक ख्रिस्ती साम्राज्यातील, पद्धतीचा आहे. पायऱ्या चढून गेल्यावर वेदी, तिच्यापुढच्या चौकावर घुमट, घुमटात सोनेरी पार्श्वभूमीवर ख्रिस्त आणि त्याच्याभोवती देवदूतांचे कडे. पश्चिमेकडील लांबट दालन मात्र रोमन बॅसिलिकेसारखे, खांबांच्या दोन रांगांनी तीन भागांत विभागलेले आहे. या दालनाच्या पश्चिम भिंतीशी, वेदीच्या बरोबर समोर, पायऱ्यांचा एक उंच चौथरा आहे आणि तो सिंहासनाचा आहे. म्हणजे दालनात उभ्या असलेल्या माणसाने वेदीकडे तोंड केले की राजाकडे पाठ होते आणि राजाकडे वळले की वेदीकडे. चर्चमध्ये राजाने खास आसनावर बसणे यात नवल नव्हते, पण वेदीच्या समोरासमोर इतका ठळक चौथरा बांधण्यात जो आत्मविश्वास आहे तो मला काहीसा उद्धटही वाटतो.

यावरून काही अभ्यासकांनी असे मत मांडले आहे की रॉजरच्या काळी पश्चिमेचे दालन मुख्यतः दरबारासाठी होते. उपासनेच्या वेळी राजा पूर्वेकडील भागात, उत्तरेच्या बाजूस उंचावर असलेल्या सज्जात बसे आणि समोरच्या दक्षिण भिंतीवरचे ख्रिस्तजन्म, इजिप्तकडे पलायन, जेरुसलेमप्रवेश हे प्रसंग त्याच्या नजरेच्या टप्प्यात असत, असेही ते म्हणतात. या मतावर वाद आहे, तरी मला ते पटते, आणि त्याला कारण आहे छत.

मधल्या दालनाचे लाकडी छत मुकर्नास पद्धतीचे आहे. लहान लहान कोनाडे एकावर एक बाहेर काढत नेऊन त्यांतून अष्टकोनी तारे साधले आहेत. कोनाड्यांवरील चित्रांत मांडी घालून हातात पेला धरलेला राजा, वादक, नर्तकी आणि बुद्धिबळ खेळणारे आढळतात. कडेने कूफी या कोनदार अरबी लिपीत शुभकामना आहेत. ही चित्रे इजिप्तच्या फातिमी या मुस्लिम राजघराण्याच्या दरबारी परंपरेतली आहेत आणि त्यांत ख्रिस्ती कथा शोधू गेल्यास फारसे हाती लागत नाही. वेदीवर ख्रिस्त आणि सिंहासनाच्या दालनावर राजसुखाचे चित्रण, अशी वाटणी योगायोगाने झाली असेल असे वाटत नाही.

येथील सोहळ्याचे सर्वांत जिवंत वर्णन फिलागाथोस या ग्रीक धर्मोपदेशकाच्या बाराव्या शतकातील एका प्रवचनात मिळते. पीटर आणि पॉल या संतांच्या सणानिमित्त दिलेल्या त्या प्रवचनात आधी राजाची स्तुती येते आणि मग वास्तूची. छत त्याला ताऱ्यांनी भरलेल्या आकाशासारखे वाटते आणि रंगीत संगमरवराची फरशी कधीही न कोमेजणाऱ्या फुलांच्या कुरणासारखी. दिव्यांच्या लखलखाटाचा आणि भिंतींवर सोडलेल्या जरतारी रेशमी पडद्यांचाही तो उल्लेख करतो. पडद्यांची ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण त्याअर्थी पश्चिमेच्या दालनाच्या भिंतींवर तोवर मोझेक, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेली चित्रे, नसावीत.

आज तेथे दिसणारे जुन्या करारातील प्रसंगांचे मोझेक सामान्यतः रॉजरचा मुलगा पहिला विल्यम याच्या काळातले मानले जातात, आणि त्यांवरील लेख लॅटिनमध्ये आहेत. त्या मोझेकनी पश्चिमेचे दालनही बायबलच्या कथेने भरून टाकले. सिंहासनाच्या वरच्या भिंतीवर आता पीटर व पॉल यांच्यामध्ये आसनस्थ ख्रिस्त आहे, त्यामुळे राजाकडे पाहणाऱ्याची नजर थोडी वर गेली की ख्रिस्तावर पडते. वेदीकडे पाठ करून उभ्या राहणाऱ्याची अडचण कोणीतरी ओळखली असावी, असा माझा तर्क आहे.

सप्टेंबर 2002 च्या भूकंपाने चॅपेलला इजा पोहोचली आणि त्यानंतरचे जीर्णोद्धाराचे काम 2008 मध्ये पूर्ण झाले. वाड्यात सध्या सिसिलीची प्रादेशिक विधानसभा भरते. कोणी पाहायला जाणार असेल तर दुर्बीण अवश्य जवळ ठेवावी, कारण छतावरची चित्रे इतकी लहान आणि उंच आहेत की नुसत्या डोळ्यांना बुद्धिबळाचा पट ओळखू येणे कठीण आहे.