पडलो असं लिहा मॅडम

कॅज्युअल्टीत ड्युटी करणाऱ्याला मोर्चा टीव्हीच्या आधी कळतो. सकाळीच वरून फोन येतो की आज मोठा बंदोबस्त आहे, टाके घालायचं सामान आणि टीटीची इंजेक्शनं बघून ठेवा, दोन खाटा मोकळ्या ठेवा. मग आपण सिस्टरला सांगतो, सिस्टर मावशींना सांगतात, आणि मावशी म्हणतात "आज कशाचाय?" त्या दिवशी कशाचा होता ते मी मुद्दाम लिहीत नाहीये, हॉस्पिटलचं नाव पण नाही, कारण नाव आलं की लोक आधी आपण कुणाच्या बाजूचे ते ठरवतात आणि मग बाकीचं वाचतात. पुण्यातली गोष्ट आहे, पोरं बरीचशी पेठांमधल्या अभ्यासिकांतली होती, एवढं पुरे.

दुपारी अडीच-तीनला पहिले आले ते पोलीसच. एक हवालदार, पन्नाशीचे असतील, रुमाल भुवईवर दाबून धरलेला आणि शर्टवर रक्त. दगड लागला होता. जखम खरी होती, सीएलडब्ल्यू म्हणजे बोथट मारानं कातडी फाटलेली, तीन बाय अर्धा सेंटीमीटर, उजव्या भुवईच्या वर, टाके घालावे लागले. माणूस पहाटे पाचपासून उभा होता आणि टाके घालताना चक्क झोपला, मी भूल देतीय म्हणून सांगायला गेले तर घोरायला लागलेले. त्यांची फायबरची लाठी कोपऱ्यात टेकवून ठेवलेली होती. मावशी पोछा मारत आल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "ही काठी कुणाची हो, उचला, पुसायचंय मला." सगळे हसले, हवालदार पण जागे होऊन हसले.

त्यांच्याबरोबर आलेले साहेब मात्र हसले नाहीत. त्यांना "डोक्यास गंभीर दुखापत" असं लिहून पाहिजे होतं. मी म्हणलं सर, गंभीर कशाला म्हणायचं ते कायद्यात लिहिलेलं आहे, आधी आयपीसीचं, म्हणजे भारतीय दंड संहितेचं ३२० कलम होतं, आता बीएनएसचं, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं ११६, हाड मोडलं, दात पडला, डोळा गेला, पंधरा दिवस भयंकर वेदना असं काहीतरी लागतं, भुवईवरची जखम त्यात बसत नाही. ते म्हणाले, "मॅडम, आमची माणसं मार खातात त्याचं काही नाही का?" तसं अजिबात नाही, टाके घातले ते लिहिलंच ना मी. पण साधी ती साधी. साहेब फोनवर बोलत बाहेर गेले.

खरी गोष्ट पुढं आहे. पाचच्या आसपास एक पोरगा रिक्षातून आला, बरोबर रूममेट. पोलिसांची यादी वगैरे काही नाही, स्वतःच आलेला. डावा हात उजव्यानं पोटाशी धरलेला. दारातच थबकला कारण आत बाकावर चार-पाच खाकी वर्दीवाले बसलेले होते. मी पडद्याआड घेतलं आणि विचारलं काय झालं.

"बाथरूममधी पडलो."

एक्स-रे काढला. कोपरापासून मनगटापर्यंतच्या दोन हाडांपैकी करंगळीकडचं, म्हणजे अल्ना मोडलेलं, बरोबर मधोमध, आणि अंगठ्याकडचं रेडियस एकदम व्यवस्थित. आता हे जरा सांगते. माणूस घसरून पडला की हात टेकवतो आणि बहुतेक वेळा मोडतं ते मनगटाजवळ, रेडियस. हाताचं एकटं अल्ना मधोमध मोडतं ते सहसा सरळ फटका बसला की, म्हणजे डोक्यावर काही येतंय म्हणून माणूस हात आडवा धरतो आणि फटका हातावर घेतो. आमच्या पुस्तकात त्याला नाइटस्टिक फ्रॅक्चरच म्हणतात, नाइटस्टिक म्हणजे अमेरिकेतल्या पोलिसांचा दंडुका. शर्ट काढायला लावला तर पाठीवर तिरके वळ, दोन समांतर लाल रेघा आणि मधली पट्टी फिकी. गोल काठी जोरात बसली की मधलं रक्त दोन्हीकडं ढकललं जातं आणि कडेच्या बारीक नसा फुटतात म्हणून असं दिसतं. बाथरूमच्या फरशीनं असे वळ उठत नाहीत.

मी काही न बोलता नुसतं बघत राहिले तर रूममेटच म्हणाला, "मॅडम, तो एमपीएससीच्या कम्बाइनची तयारी करतोय. पीएसआयची, फौजदाराची."

मग पोरगं बोललं. परभणीकडचा. म्हणाला मॅडम पडलो असंच लिहा, एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल नोंद, नका ना करू, नाव आलं तर उद्या एफआयआरमधी टाकतील, पुढं चारित्र्य पडताळणीत अडकलं तर चार वर्षं वाया, आणि गावाकडं कळालं तर बाप येऊन घेऊनच जाईल. रडला वगैरे नाही, अगदी हिशेब मांडल्यासारखं सांगत होता.

आता यात घाबरण्यासारखं काही नाही असं मी त्याला कुठल्या तोंडानं सांगू? एमएलसी करायची म्हणजे आधी रजिस्टरमध्ये नोंद आणि मग कळवायचं कुणाला, तर हॉस्पिटलमधल्याच पोलीस चौकीला. म्हणजे ज्यांच्या लाठीनं हाड मोडलं असं म्हणणं, त्यांच्याच खात्यातला माणूस वही घेऊन येणार आणि विचारणार कुठं होतास, किती वाजता, सोबत कोण. चौकीतले आमचे दादा स्वभावानं बरे आहेत, पण पोरानं ते ओळखायचं कसं?

मी त्याला म्हणलं, हे बघ, तू जे सांगशील ते मी तुझ्याच शब्दांत हिस्टरीत लिहिते, बाथरूम तर बाथरूम. पण तपासणीत मला जे दिसतंय तेच लिहिणार, वळ किती लांब, कुठं, रंग काय, हाड कुठं मोडलं आणि कशानं मोडल्यासारखं दिसतंय, ते मी बदलणार नाही. आणि एमएलसी करायची का नाही हे तुझ्या हातात नाही, माझ्यापण फारसं नाही. तो म्हणाला मग मी जातो. रूममेटनं त्याला खाली बसवलं. शेवटी प्लास्टरचा स्लॅब घातला, नोंद झाली. चौकीच्या दादांना त्यानं बाथरूमच सांगितलं आणि दादांनी माझ्याकडं एकदा बघून तेच लिहून घेतलं.

त्या संध्याकाळी अजून पाच-सहा पोरं आली असतील, त्यातली दोन नोंदीचं नाव काढताच उठून गेली. बाकी किती जणांनी मेडिकलमधून गोळ्या आणि स्प्रे घेतला, रूमवर हळद लावली, ते कोण मोजणार. उलट बाजूला बंदोबस्तावरच्या ज्याला ज्याला खरचटलं तो यादी घेऊन आला, कारण त्यांना तसे आदेश असतात आणि सरकारी कामात अडथळ्याचं कलम लावायला कागद लागतो. यात मी त्यांना खोटं म्हणत नाहीये. खरचटलेलं ते खरचटलेलंच होतं. पण रात्री टीव्हीवर जो "जखमींचा आकडा" येतो तो काय असतो, तर ज्यांना नोंद करून घ्यायची भीती नव्हती त्यांचा आकडा.

टीव्हीवाले सहा वाजल्यापासून गेटवर होतेच. एक रिपोर्टर मुलगी बूम पुढं करून म्हणे मॅडम फक्त आकडा द्या, बाइट नको. मी म्हणलं आकडा साहेब देतील. तिच्या कॅमेरामनला रक्त पाहिजे होतं. त्या परभणीच्या पोराचा हात एकदम पांढरा स्वच्छ, प्लास्टरमध्ये, त्याचं कुणाला काय? हवालदारांचा शर्ट मात्र सगळीकडं झळकला. घरी आले तर एका चॅनलवर पोलीस जखमी म्हणून पट्टी आणि दुसऱ्यावर विद्यार्थ्यांवर अमानुष म्हणून, आणि दोन्हींचा आकडा माझ्या रजिस्टरशी जुळत नव्हता. क्लिपा दोन फिरत होत्या, एकात दगड येतायत आणि एकात खाली पडलेल्या पोराला तिघं मारतायत, आणि दोन्ही खऱ्या होत्या, फक्त जो तो आपल्याला पाहिजे तिथून सुरू करत होता. आमच्या काकांनी फॅमिली ग्रुपवर दगडवाली टाकली, "असंच हाणलं पाहिजे यांना", खाली चुलतभावानं दुसरी टाकली, आणि मग "तू तिथंच असतेस ना गं?" मी जेवायला बसले.

पोलिसांनी लाठी चालवायचीच नाही असं माझं म्हणणं नाही. जमाव पांगवायचा अधिकार कायद्यात आहे, बीएनएसएसचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४८, पण त्यात आधी पांगायचा आदेश द्यायचा आणि मग बळ. आणि लाठी कंबरेखाली चालवायची हे त्यांच्याच ट्रेनिंगमध्ये शिकवतात. डोकं वाचवताना मोडलेलं अल्ना काय सांगतं? फटका कुठं येत होता ते सांगतं, बाकी काही नाही. आधी दगड आला का आधी लाठी, ते एक्स-रेत दिसत नाही, आणि चर्चेत मात्र सगळ्यांना तेवढंच पाहिजे असतं.

आमच्या सिनियर सरांना दुसऱ्या दिवशी चहाला सांगितलं तर त्यांनी मावळचं काढलं. ९ ऑगस्ट २०११, पवना पाइपलाइनविरुद्धचं आंदोलन, एक्स्प्रेस वेवर पोलिसांचा गोळीबार, तीन शेतकरी गेले. सर म्हणाले मेलेला माणूस तरी नोंदीत येतोच, त्याला पळून जाता येत नाही. मला २५ मे २०२०चं अमेरिकेतलं मिनियापोलिस आठवलं, पोलिसानं मानेवर गुडघा दाबून मारलेला जॉर्ज फ्लॉइड. तिथल्या पोलिसांच्या पहिल्या पत्रकात गुडघ्याचा उल्लेखच नव्हता, मेडिकल इन्सिडंट म्हणून मोकळे झाले होते, आणि सतरा वर्षांच्या मुलीनं फोनवर शूट केलं नसतं तर कदाचित तेवढ्यावरच राहिलं असतं. मग सरकारी शवविच्छेदन, घरच्यांनी करून घेतलेलं वेगळं, दोन्हींत कारणाची भाषा वेगळी पण दोन्ही म्हणाले मनुष्यवध, तरी कोर्टात डॉक्टरांच्या एकेका ओळीवर दिवसच्या दिवस वाद झाला. आणि आपण इथं रात्री अकराला घाईत गिचमिड अक्षरात लिहितो. तेव्हापासून मी वळाचं माप टेप लावूनच घेते. आमच्या त्या मोर्चानंतर तीन-चार दिवसांनी काही पोरं "आता शांत झालंय ना" म्हणत आली, तोवर वळ लालाचे निळे-काळे झालेले, अजून आठवडाभरात पिवळे पडून गेलेच असते.

तो परभणीचा पोरगा प्लास्टर काढायला आला तेव्हा एकटाच होता. मी काही विचारलं नाही. निघताना म्हणाला मॅडम, ते तुम्ही जे लिहिलं होतं, त्याची कॉपी मिळती का? माझ्याकडं असू द्यावी म्हणलं, अजून काही ठरवलं नाही. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे हे त्याला माहीत होतं, अशी प्राधिकरणं नेमायला सांगणारा सुप्रीम कोर्टाचा २००६चा प्रकाश सिंग निकाल तर त्याच्या अभ्यासातच होता, कलमं माझ्यापेक्षा त्याला जास्त पाठ. मी सांगितलं, साधा अर्ज कर, ओळखपत्राची झेरॉक्स जोड, अर्ज दिल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात असा नियम आहे, आणि खिडकीवर जेवणाच्या सुट्टीआधी जा, नंतर तिथं कुणी भेटत नाही.