वर्ग संपल्यानंतरचं वर्ष

१९९१ च्या जनगणनेत देशातल्या बायकांची साक्षरता ३९.२९ टक्के होती. २००१ मध्ये ती ५३.६७ झाली. त्या दहा वर्षांत देशातल्या निरक्षरांची एकूण संख्या स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच घटली. मुली शाळेत जाऊ लागल्या हे त्याचं मोठं कारण. पण गावोगाव रात्री भरणाऱ्या साक्षरता वर्गांचाही त्यात वाटा होता. त्या वर्गांची आठवण आता कुणी काढत नाही. मी तिथे शिकवलंय, म्हणून लिहितेय.

राष्ट्रीय साक्षरता अभियान ५ मे १९८८ रोजी सुरू झालं. १५ ते ३५ वयाच्या ८ कोटी माणसांना १९९५ पर्यंत साक्षर करायचं, असं ठरलं होतं. त्याआधी १९७८ मध्ये प्रौढ शिक्षणाचा देशव्यापी कार्यक्रम आला होता, त्यात केंद्र चालवणाऱ्याला थोडंसं मानधन मिळे. या वेळी मानधन नव्हतं. एक जिल्हा घ्यायचा, कलेक्टरपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळ्यांनी कामाला लागायचं, ही रीत केरळच्या एर्नाकुलमने घालून दिली. तिथे केरळ शास्त्र साहित्य परिषद या लोकविज्ञान संघटनेने सुमारे २० हजार स्वयंसेवक उभे केले आणि ४ फेब्रुवारी १९९० रोजी जिल्हा संपूर्ण साक्षर जाहीर झाला. आपल्याकडेही ही कल्पना अगदी नवी नव्हती. १९५९ मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेत गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ व्हायचा.

मराठवाड्यातल्या आमच्या गावात राष्ट्रीय साक्षरता अभियानाची मोहीम आली तेव्हा मी बारावीत होते. वर्ग समाजमंदिरात. भाकरी थापून, पोरं निजवून बायका येत, तोवर नऊ वाजत. लाइट गेली की कंदील. तीन वाचनपुस्तकं होती, प्रत्येकात मधेमधे चाचण्या. शेवटी मिनिटाला ३० शब्द मोठ्याने वाचता आले पाहिजेत, असा निकष होता.

माझ्या वर्गातल्या एक मावशी रोजगार हमीच्या कामावर जायच्या. पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "पोरी, माझं नाव मागून शिकव. आधी आकडे दाखव. मस्टरवर माझे दिवस किती मांडलेत ते बघायचंय." आकडे पुस्तकात पुढे होते, मी ते आधी घेतले. पगाराच्या दिवशी त्यांनी अंगठा उमटवण्याआधी मस्टर स्वतःकडे वळवून घेतलं आणि आपल्या नावापुढच्या हजेऱ्या मोठ्याने मोजल्या. मुकादम गप्प उभा. मागच्या बायकांनीही मग मस्टर बघायला मागितलं. मिनिटाला ३० शब्दांच्या निकषात हे कुठेच बसत नाही, पण मला विचाराल तर त्या दिवशी मावशी साक्षर झाल्या.

आंध्रातल्या नेल्लोर जिल्ह्यात तर याहून मोठं घडलं. दुबगुंटा गावच्या बायकांनी साक्षरता वर्गातल्या धड्यावर बोलता बोलता गावातलं दारूचं दुकान बंद पाडलं. ते लोण जिल्हाभर आणि मग राज्यभर गेलं. १ ऑक्टोबर १९९३ पासून आंध्र प्रदेशात अर्‍याक, म्हणजे तिथली गावठी दारू, बंद झाली.

एवढी ताकद असलेलं काम विरलं कसं? माझ्या मते, 'जिल्हा साक्षर झाला' असं जाहीर करण्याच्या घाईने. जाहीर झालं की सत्कार, मग कलेक्टरची बदली. साक्षरोत्तर कार्यक्रम कागदावर होता, तो गावात पोचायला फार वेळ लागला. स्वयंसेवकही पांगले. मुलांना नोकरीसाठी शहर गाठावं लागलं, मुलींची लग्नं झाली, मीही सासरी आले. नव्याने शिकलेल्या माणसाच्या हाताला वाचायला काही लागलं नाही, तर वर्षभरात जोडाक्षरं अडू लागतात आणि पुढे ओळच नको वाटते. बायकांच्या बाबतीत हे लवकर होतं, कारण घरात पेपर आला तरी तो त्यांच्यापर्यंत येत नाही.

हे आज लिहायचं कारण, पुन्हा तसंच काम सुरू आहे. 'उल्लास' या नावाने २०२२ पासून पाच वर्षांसाठी आलेला नव भारत साक्षरता कार्यक्रमही स्वयंसेवकांवरच उभा आहे. १५ वर्षांवरचं कुणीही शिकू शकतं. परीक्षा १५० गुणांची असते, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी ५०. साठी ओलांडलेल्या आज्या नातवाचं पॅड घेऊन पेपरला बसतात, ते पाहून मला भरून येतं.

तरुण स्वयंसेवकांना माझं एकच सांगणं आहे. परीक्षा झाली तरी आठवड्यातला एक दिवस सोडू नका. आमच्या गल्लीत आम्ही शुक्रवारी दुपारी जमतो. बचत गटाचं पासबुक, लाइटबिल, रेशनची पावती, औषधाच्या पाकिटावरची तारीख, जे घरात असेल ते प्रत्येकीने आणायचं आणि वाचायचं. गोष्टीची पुस्तकं मात्र कमी पडतात. बायकांना आवडतील अशा मोठ्या टाइपातल्या छोट्या गोष्टी कुणाकडे असतील तर जवळच्या वर्गाला द्या. लहान मुलांची चित्रांची पुस्तकं नकोत, त्या मोठ्या बायका आहेत.