कंडक्टरकाकांचं दान

पवित्र आत्म्याच्या दानांवर, म्हणजे देवाने माणसाला दिलेल्या खास देणग्यांवर, चर्चमध्ये संदेश असला की मंडळीतली डुलकी घेणारी माणसंही ताठ बसतात. मग अन्यभाषा (आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषेत बोलणं), रोग बरे करणं, भविष्यवाणी यांवर बोलणं होतं. बाहेर चपला घालताना एखादी काकू हमखास म्हणते, ‘आपल्याला कुठलं दान? आपण आपल्या साध्याच.’

बायबलमधली प्रेषित पौलाची दानांची यादी मात्र नीट वाचावी अशी आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १२व्या अध्यायात शेवटाकडे तो प्रेषितांपासून सुरुवात करतो, चमत्कार आणि आरोग्यदानांपर्यंत येतो, आणि अन्यभाषांच्या आधी मदत करणारे आणि व्यवस्था पाहणारे यांना बसवतो. करिंथच्या मंडळीत कोणाचं दान मोठं यावरून रुसवेफुगवे चालले होते. त्यांनी हे वाचून नाक मुरडलं असणार. सतरंज्या उचलणाऱ्याला चमत्कार करणाऱ्याच्या पंगतीत बसवायचं म्हणजे काय!

हल्ली तरुणांच्या शिबिरात एक प्रश्नावली वाटतात. ‘मला लोकांसमोर बोलायला आवडतं’, ‘मला पाहुणचार करायला आवडतो’ अशी वाक्यं, पुढे गुण, शेवटी बेरीज. ज्याची बेरीज जास्त ते तुमचं दान. माझा त्या कागदावर फारसा विश्वास नाही. जे आपल्याला सहज जमतं ते आपल्याला दानबिन वाटतच नाही. आणि पौल तर सांगतो की हे सगळं सर्वांच्या हितासाठी दिलेलं आहे. मग ज्याचं हित झालं त्याला विचारावं ना! कागद भरायचाच तर तो शेजाऱ्याने भरावा.

पहिल्या मंडळीतल्या बर्णबाने हेच केलं, दुसऱ्याचं दान ओळखलं. शौलाला, म्हणजेच पौलाला, लोक अजून बिचकत होते, तेव्हा बर्णबाच त्याला प्रेषितांकडे घेऊन गेला होता. पुढे अंत्युखियात काम वाढलं, तेव्हा हा गृहस्थ उठला, शौलाला शोधायला तार्सला गेला आणि त्याला घेऊन आला. वर्षभर दोघांनी तिथे शिकवलं. पौलाची पत्रं आपण दर रविवारी वाचतो. बर्णबाच्या या खटपटीवर संदेश क्वचितच ऐकायला मिळतो.

आपल्याकडे ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं गाताना ‘केवढं देवदान’ असं कोणीही म्हणेल. पण टिळक हाताला येईल ते देऊन टाकणारे, कोणालाही घरी घेऊन येणारे. त्या आलेल्यांच्या पानात काय वाढायचं, हे बघायचं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. टिळकांच्या औदार्यात देव दिसत असेल, तर त्या भाकरीच्या हिशेबातही तो असलाच पाहिजे. १९१९ साली टिळक गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचं काव्य अपुरं होतं. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. त्यांना लिहिणं-वाचणं लग्नानंतर शिकावं लागलं होतं. तेव्हा कोणी प्रश्नावली दिली असती तर ‘काव्यरचना’ या ओळीपुढे त्यांनी काय भरलं असतं?

आमच्या मंडळीत एक काका आहेत, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. ना गळा, ना वक्तृत्व. प्रार्थना करायला सांगितलं तर दोन वाक्यांत आमेन. उपासनेला दारापाशी उभे राहतात आणि पहिलं गीत संपेपर्यंत बाकांवरून नजर फिरवतात. कोण आलं नाही हे त्यांना तेवढ्यात कळतं. सोमवारी सायकल त्या घराकडे. एका घरी नवऱ्याची नोकरी गेली होती आणि लाजेने घरातलं कोणीच उपासनेला येत नव्हतं. पाळकसाहेबांच्या कानावर ते काकांमुळेच आलं. त्या घरातल्या बाई पुढे साक्ष देताना म्हणाल्या, ‘देवाने आमची आठवण केली.’ काका तेव्हा मागे उभे राहून पंख्याचं बटण शोधत होते.

मी मात्र त्यांना गाठून सांगितलं, काका, हे तुमचं दान आहे, पौलाच्या यादीतलं.

ते हसले. ‘कसलं दान हो! गाडी सोडायच्या आधी डोकी मोजायची सवय. माणूस मागे राहिला तर शिव्या कोणाला, कंडक्टरलाच.’ मग एकदम थांबून म्हणाले, ‘बरं, तुमच्या बाकावर खिडकीपाशी बसणाऱ्या आजी दिसत नाहीत. फोन केलात का?’